पोकलेन येण्याआधी भिंतींचा पंचनामा करा



तुमच्या कंपाउंडला लागून पत्रे उभे राहिले असतील, पलीकडची जुनी इमारत रिकामी होऊन तिची दारं-खिडक्या भंगारात गेली असतील किंवा भूमिपूजनाचा मांडव पडला असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. पुढच्या रविवारी निवांत वाचू म्हणून बाजूला ठेवू नका. मृग लागायला थोडेच आठवडे उरलेत आणि पावसाच्या आत बेसमेंटचा खड्डा मोकळा करून घ्यायची सगळीकडे घाई चालली आहे. पुण्यात कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर आणि पेठा, मुंबईत पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत, ठाण्यात नौपाडा. जिथे पुनर्विकास तिथे खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर कुणाचे तरी राहते घर.

मागणी एकच आहे. खोदकाम सुरू होण्याआधी आपल्या घराची आजची अवस्था तारखेनिशी नोंदवून ठेवा आणि ती नोंद केल्याचे शेजारच्या मालकाला, बिल्डरला आणि महापालिकेला लेखी कळवा. बाकीचे सगळे त्यानंतर.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. भेगा बघायला लोक मला बोलावतात तेव्हा खड्डा बहुतेक वेळा खणून झालेला असतो, भेग बोटभर उघडलेली असते, आणि घरमालक हातवारे करून सांगत असतात, "अहो, ही आधी नव्हतीच हो!" मला ते पटते. कोर्टाला कसे पटवायचे, हा प्रश्न उरतो. समोरचा इंजिनिअर शांतपणे म्हणतो, "होती. इमारत पस्तीस वर्षांची आहे, भेगा असणारच." दोघांपैकी कुणाकडेही कागद नसतो, आणि कागद नसला की ज्याला काही सिद्ध करायचे नाही त्याचे फावते. अशा भांडणात कायदा बहुधा नुकसान झालेल्याच्या बाजूने असतो. पुरावा मात्र नसतो.

२५ जून २०१८ रोजी मुंबईत मुसळधार पाऊस चालू असताना वडाळ्याच्या अँटॉप हिल भागात एका मोठ्या सोसायटीची भिंत आणि लगतचा रस्ता शेजारच्या बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यात खचला. उभ्या असलेल्या अनेक गाड्या खाली गेल्या, आणि रहिवाशांना भर पावसात घराबाहेर पडावे लागले. वर्षभराने, २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर, पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. दोन्ही घटना जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या. उन्हाळ्यात उभे कापलेले मातीचे काठ कोरडे असेपर्यंत तग धरतात. पाणी मुरले की तीच माती जड होते आणि तिची पकड सुटते. म्हणून जूनपर्यंत थांबून चालत नाही.

आता कायद्याचे बघू, कारण इथे दोन गैरसमज अगदी मुरलेले आहेत. एक, ज्याची जमीन त्याने तीत हवे तेवढे खणावे. दोन, महापालिकेने नकाशा मंजूर केला की शेजाऱ्याने तोंड बंद ठेवावे.

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, वकिलांच्या बोलण्यातला इझमेंट अ‍ॅक्ट, कलम ७ च्या दाखल्यात सांगतो की प्रत्येक जमीनमालकाला आपल्या जमिनीला शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क विकत घ्यावा लागत नाही, नोंदवावा लागत नाही. पण तो मोकळ्या जमिनीचा. त्या जमिनीवर इमारत उभी असेल तर कलम १५ लागते. इमारतीला शेजारच्या जमिनीचा आधार वीस वर्षे शांतपणे, खंड न पडता, हक्काने मिळत आला असेल, तर तो आधार मिळत राहण्याचा हक्कच तयार होतो. शेजारची जमीन सरकारी असेल तर ही मुदत तीस वर्षांची.

"तुमची इमारत जुनीच होती" हे बिल्डरच्या इंजिनिअरचे आवडते वाक्य मी वर सांगितले. ते ऐकून लोक खजील होतात, जणू काही म्हातारी इमारत असणे हा आपलाच गुन्हा. खरे तर याच जुनेपणावर तुमचा हक्क उभा आहे. पस्तीस वर्षांची इमारत म्हणजे वीस वर्षांची अट कधीच पुरी झालेली इमारत. तिची जीर्ण अवस्था नुकसानभरपाईची रक्कम ठरवताना विचारात येऊ शकते. मात्र तिच्या पायाखालची माती काढून घ्यायचा परवाना त्यातून कुणालाही मिळत नाही. समोरचा पुढच्या वेळी जुनेपणाचा मुद्दा काढेल तेव्हा भोगवटा प्रमाणपत्राची किंवा पहिल्या घरपट्टीच्या पावतीची प्रत त्याच्यासमोर ठेवा आणि वर्षे मोजायला सांगा.

इमारत वीस वर्षांच्या आतली असेल तरी हात बांधलेले नाहीत. शेजारी लोक राहतात हे ठाऊक असताना वाजवी काळजी न घेता खणणे, म्हणजे शोअरिंग (खड्ड्याच्या कडांना आधार) न करणे, पाणी बेफाम उपसणे, खडकावर दिवसरात्र ब्रेकर चालवणे, हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची भरपाई मागता येते. खोदकाम कसे सुरक्षित करायचे याची भारतीय मानके छापील आहेत: खोदकामासाठी आयएस ३७६४, पाडकामासाठी आयएस ४१३०. "असं काही असतं हे माहीत नव्हतं" ही सबब तिथे चालत नाही.

"आम्ही काम कॉन्ट्रॅक्टरला दिलंय, त्याच्याशी बोला." हे दुसरे आवडते वाक्य. याला उत्तर म्हणून १८८१ चा एक इंग्लिश खटला वकील मंडळी अजूनही काढतात: डाल्टन विरुद्ध अँगस. एका घराचा बग्ग्या बनवायचा कारखाना केला होता आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ उभा होता. शेजारच्या मालकाने आपले घर पाडून खणायला घेतले, खोदकाम ठेकेदाराच्याही खालच्या पोटठेकेदाराने केले, आणि कारखाना कोसळला. मालक साधासुधा नव्हता, सरकारी बांधकाम खातेच होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने मालक आणि ठेकेदार दोघांनाही जबाबदार धरले. कामच मुळात धोक्याचे असेल तर ते दुसऱ्याकडून करून घेतल्याने जबाबदारी झटकता येत नाही. आपला कायदा त्याच्या पुढच्याच वर्षी आला. तेव्हा पत्र लिहाल ते जमिनीचा मालक, विकासक, ठेकेदार आणि त्यांचा स्ट्रक्चरल इंजिनिअर या सर्वांना लिहा. कुणाचा किती वाटा ते त्यांचे त्यांनी भांडून ठरवावे.

मंजूर नकाशाबद्दल एवढेच की तो बांधायची परवानगी देतो, शेजाऱ्याचे घर खचवायची नाही. आणि रेरा? पाच वर्षांच्या बांधकाम-दोषाची हमी त्या प्रकल्पात फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. महारेराचे संकेतस्थळ मात्र जरूर उघडा. मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, इंजिनिअर-आर्किटेक्टची नावे तिथे बसल्या जागी मिळतात, आणि पत्र कुणाच्या नावे काढायचे ते कळते.

आता पंचनाम्याकडे येऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळा डोलारा यावर उभा आहे.

सुरुवात गच्चीवरून करा आणि जिन्याने खाली या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, खिडक्यांचे कोपरे, दारांच्या चौकटी, बाहेरून कॉलम, जोते, कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर. मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या आणि सुरुवातीला त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे पहिले पान दाखवा. फोटोत भेगेशेजारी मोजपट्टी धरा, नाहीतर केसाएवढी भेग आणि बोटाएवढी भेग फोटोत सारखीच दिसते. ज्या भिंतीवर एकही भेग नाही तिचा फोटो सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी काढत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून त्यावरच विसंबू नका. तिथे ते दाबले जातात आणि तारखेचा तपशील गळतो. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा हा फोन कुणाचा, फोटो कुणी काढले हे सांगणारी व्यक्ती आजच ठरवून ठेवा.

आधीपासून ज्या भेगा आहेत त्या लपवू नका. त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवा. गिलावा सोलून विटेवर चिकटवली तर उत्तम. त्या काचेवर मार्करने तारीख. भेग जागची हलली नाही तर काच शाबूत राहते. जरा उघडली की काच तडकते, आणि ही तडकलेली काच साक्षीदार म्हणून माझ्यासारख्या दहा इंजिनिअरांना भारी पडते. एक पट्टी काही रुपयांत होते. गच्चीच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडून खाली जोत्याजवळ खूण करून ठेवा. इमारत झुकते आहे असे वाटू लागले की ही खूण कामी येते.

मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावे लागते, इतर महापालिकांच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. ते आताच करून घ्या. काही सोसायट्या घाबरतात, ऑडिटमध्ये आपलीच इमारत धोकादायक निघाली तर? निघाली तर ते कळणे खड्डा खणण्याआधी जास्त गरजेचे आहे. कॉलममधल्या सळया गंजून काँक्रीट सुटलेले असेल आणि तुम्ही ते झाकून ठेवले, तर पुढे खऱ्या नुकसानीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

स्वतःचा पंचनामा झाला की बिल्डरकडे संयुक्त पाहणीची मागणी करा. त्यांचा इंजिनिअर आणि तुमचा इंजिनिअर एकत्र फिरतात, एकच अहवाल होतो, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. शहाणा बिल्डर याला आनंदाने तयार होतो, कारण उद्या कुणी दहा वर्षांपूर्वीची भेग त्याच्या माथी मारू शकत नाही. जो टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल मनात खूणगाठ बांधा आणि नकाराचा कागद, निदान तुमच्या मागणीची पोच, जपून ठेवा.

त्याच बैठकीत चार गोष्टी विचारा. खड्डा किती खोल? बेसमेंटचा एक मजला साधारण साडेतीन मीटरचा धरला तर दोन मजले आणि पाया मिळून आठ मीटर सहज होतात. खड्ड्याच्या खोलीइतक्या अंतरातली जमीन परिणामाच्या टप्प्यात धरायचीच, मऊ जमिनीत त्याच्या दुप्पट. म्हणजे तुमचे घर काठापासून दहा-बारा मीटरवर असले तरी निर्धास्त राहू नका. कडा कशाने धरणार, शोअर पाइल की नुसता उतार? पाण्याचे काय? मुंबईत भरावाची जमीन आणि खाडीची चिकणमाती असलेल्या भागांत पंपाने पाणी उपसले की माती दबते आणि खड्ड्याला हातही न लागलेली इमारत खचू लागते. पुण्यात उलट, थोडा मुरूम काढला की काळा पत्थर लागतो. तिथे खचण्यापेक्षा ब्रेकरचे हादरे घात करतात, विशेषतः चुन्या-मातीच्या भिंतींचा.

चौथा प्रश्न विम्याचा, आणि तो कुणी विचारत नाही. मोठ्या कामावर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क नावाची पॉलिसी असते. तिच्यात त्रयस्थाच्या नुकसानीचा भाग असतो, पण हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्यामुळे झालेल्या नुकसानीसाठी बहुतेकदा वेगळे जोडकलम घ्यावे लागते. ते घेतले आहे का? प्रत मागा. या जोडकलमातही बारीक अक्षरात अटी असतात: शेजारची इमारत काम सुरू होण्यापूर्वी धड होती हे दाखवावे लागते, आणि इमारतीच्या मजबुतीला धक्का न लावणाऱ्या वरवरच्या भेगा वगळलेल्या असतात. पुन्हा तोच आधीचा पंचनामा लागतो. विमा कंपनीलाही तोच हवा असतो.

पेठांतल्या वाड्यांचा उल्लेख वेगळा करायला हवा. तिथे दोन वाड्यांमध्ये भिंतच एक असते, तुळया दोन्ही बाजूंनी त्याच भिंतीत शिरलेल्या. शेजारचा वाडा उतरवताना त्याच्या तुळया ओढून काढल्या की तुमच्या बाजूला भिंत उघडी पडते, पहिल्या पावसात माती वाहू लागते. अशा ठिकाणी पाडकामाच्या आधीच अर्ज करा, खोदकामाची वाट बघू नका. सामाईक भिंत पाडणार नाही, तिच्या उघड्या अंगाला गिलावा करून देऊ, टेकू लावू, हे लेखी घ्या. आणि भाडेकरू, पागडीवाले, तुम्हीसुद्धा मागे राहू नका. घर मालकाचे असले तरी त्यात राहणाऱ्याला होणाऱ्या उपद्रवाविरुद्ध त्याला स्वतःला दाद मागता येते.

समजा, हे सगळे करूनही भेग आलीच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी, दार चौकटीत अडकायला लागलेले, फरशी आणि भिंत यांच्यात फट, कंपाउंड वॉल आणि जमीन यांच्यात फट, ही खचण्याची लक्षणे. त्याच दिवशी फोटो, त्याच दिवशी लेखी तक्रार: विकासकाला, वॉर्ड ऑफिसच्या इमारत विभागाला, पोलीस ठाण्याला, आणि प्रत्येक ठिकाणची पोच. भेग तासातासाला वाढत असेल, माती ढासळल्याचा आवाज येत असेल, तर कागद नंतर. आधी माणसे बाहेर काढा, ११२ लावा, मुंबईत १९१६.

आणि एका माणसापासून सावध. भेग दिसली की दोन दिवसांत सुपरवायझर येतो. हातात पेढ्यांचा पुडा, सोबत रंगारी. "काका, चिंता करू नका, सगळं करून देतो." क्रॅक-फिलर, पुट्टी, दोन हात रंग. भिंत नवी कोरी दिसते. जाताना तो एक कागद पुढे करतो, "ही फक्त काम मिळाल्याची सही." घरी चष्मा लावून वाचलात तर त्यात लिहिलेले असते की आमचे सर्व नुकसान भरून मिळाले असून यापुढे कोणतीही तक्रार नाही. रंग लावून घ्यायचा की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा, पण भेग मोजून, फोटो काढून, इंजिनिअरने पाहिल्याशिवाय बुजवू देऊ नका, आणि या कागदावर सही करू नका. मात्र धोका वाढत असताना भरपाईच्या आशेने नुसते बसून राहणेही चूक आहे. नुकसान वाढू न देण्याची थोडी जबाबदारी आपल्यावरही असते. आधी नोंद, मग तातडीची दुरुस्ती, बिले जपून.

कोर्टाचे दोन दरवाजे आहेत आणि त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. नुकसान व्हायचे आहे पण होणार हे दिसते आहे, तेव्हा मनाई हुकूम. इझमेंट कायद्याच्या कलम ३५ मध्ये नुसता धोका असतानाही तो मागायची सोय आहे. सोबत कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करवून घेण्याचा अर्ज करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली तो करता येतो आणि कमिशनरचा अहवाल पुढे फार वजनदार ठरतो. पण मनाई मागायला जो उशीर करतो त्याला कोर्ट विचारते, इतके दिवस काय करत होता? खड्डा भरून वर चार स्लॅब पडले की खोदकाम थांबवायचा हुकूम निरर्थक असतो.

नुकसान झाल्यावर भरपाई. कलम ३४ म्हणते की आधार काढला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, खरेखुरे आणि लक्षणीय नुकसान व्हावे लागते. यात एक दिलासाही आहे: खड्डा आज खणला आणि घर दोन पावसाळ्यांनी खचले, तर तुमचा दावा खचल्यापासून जन्म घेतो. तिथून सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत. महापालिकेलाही प्रतिवादी करायचे असेल तर घड्याळ फार वेगाने पळते. एक महिना आधी लेखी नोटीस आणि सहा महिन्यांत दावा. नुसत्या तक्रारी करत सहा महिने घालवून हा हक्क गमावलेले लोक कमी नाहीत. मागणीत भिंतीच्या दुरुस्तीबरोबर पाया बळकट करण्याचा खर्च, घर सोडावे लागले तर भाडे, दुकान बंद राहिले तर बुडालेला धंदा आणि इंजिनिअरची फी हेही मांडा.

फौजदारी बाजूही आहे. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना ती कोसळून जिवाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! तेवढ्यात एका खोलीचा रंगही होत नाही. तक्रार जरूर द्या, पण तीमुळे तुमची भिंत सरळ होईल अशी आशा धरू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मातीपरीक्षणाचा अहवाल, शोअरिंगचे डिझाइन, मंजुरीतल्या अटी मागा. एरवी तीस दिवस लागतात. जिवाचा प्रश्न असेल तर उत्तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावे लागते, तेव्हा अर्जात ते ठळक लिहा आणि का ते दोन ओळींत सांगा.

आता दुसऱ्या बाजूला बसलेल्यांशीही बोलायला हवे. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनो, जमीन तुमची आहे. बिल्डर उद्या गायब झाला तर शेजारचा वादी सोसायटीच्या नावाने दावा लावेल, आणि नव्या फ्लॅटची किल्ली मिळायच्या आधी समन्स मिळेल. विकास कराराच्या मसुद्यात कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर महिनोन् महिने खल होतो. त्याच मसुद्यात एक परिच्छेद घाला: शेजारच्या इमारतींची पूर्वपाहणी विकासक स्वखर्चाने करील, त्यांच्या नुकसानीची जबाबदारी त्याची राहील, विम्याची प्रत सोसायटीला देईल. सह्या व्हायच्या आधी हे जमते, नंतर नाही.

आणि शेजारी नेहमी कंपाउंडच्या पलीकडेच असतो असे नाही. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर बेकायदा फेरबदल चालल्याचे आरोप झाले होते. तुमच्या खालच्या किंवा वरच्या फ्लॅटमध्ये कॉलम-बीमला हिल्टी लागल्याचा आवाज आला तर लिफ्टमध्ये भेटल्यावर बोलू म्हणून थांबू नका. त्याच तासाला कमिटीला कळवून काम बंद करायला लावा. शेजारधर्म वगैरे नंतर बघता येईल.

एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रत्येक भेग शेजाऱ्याची नसते. गिलाव्यातले केसासारखे जाळे, छतावरच्या गळतीने आलेले पोपडे, बाल्कनीखालच्या गंजलेल्या सळया हे आपले आपले असते, आणि समोर खड्डा दिसतो म्हणून ते त्याच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. खोट्या चार भेगा खऱ्या एकीचा दावा बुडवतात.

खालचे पत्र आज रात्री हाताने किंवा टाइप करून लिहा. सोसायटी असेल तर लेटरहेडवर, घर एकट्याचे असेल तर साध्या कागदावर. स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत प्रत्यक्ष देऊन शिक्का घ्या.

"प्रति: जमीनमालक / सोसायटी, विकासक, ठेकेदार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर (महारेरावरील नोंदीप्रमाणे). प्रत: महापालिका वॉर्ड ऑफिस, इमारत विभाग.

विषय: आपल्या जागेवरील प्रस्तावित पाडकाम व खोदकाम.

आमची इमारत आपल्या जागेला लागून असून ती सन ____ पासून उभी आहे. तिच्या आजच्या अवस्थेची छायाचित्रे व व्हिडिओ दि. ____ रोजी घेतले असून जुन्या भेगांवर काचपट्ट्या लावल्या आहेत. खोदकाम सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांची संयुक्त पाहणी करून सह्यांचा अहवाल द्यावा. शोअरिंगचे डिझाइन, पाणी उपशाची योजना आणि आधार काढल्यामुळे व हादऱ्यांमुळे होणाऱ्या त्रयस्थांच्या नुकसानीसह विम्याची प्रत सात दिवसांत द्यावी. तोवर आमच्या हद्दीलगत खोदकाम करू नये. आमच्या इमारतीस जे नुकसान होईल त्याची जबाबदारी आपणा सर्वांची एकत्र व स्वतंत्रपणे राहील आणि मनाई हुकूम व नुकसानभरपाईचे आमचे सर्व हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

सोबत: निवडक छायाचित्रे, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत.

पोच द्यावी."